घरात मांजरं, परसात रॅकून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटोच्या पूर्वेला, स्कारबरोमध्ये, हायलंड क्रीकच्या घळीला लागून आमचं घर आहे. घरात दोन मांजरं आहेत: सोनी ही सात वर्षांची भाटी आणि काळू हा चार वर्षांचा बोका. मागच्या परसात रात्री रॅकून येतात. भारतातून फोन करणारे नातेवाईक आणि इथे नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. मांजरांना काही करणार नाहीत ना? खायला घालू का? चावले तर? त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कायद्याच्या गोष्टी ऑन्टारिओ प्रांताच्या आणि टोरांटो शहराच्या आहेत. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर नियम तिथले बघा. प्राण्यांचे स्वभाव मात्र सगळीकडे बरेचसे सारखेच.

रॅकून म्हणजे नेमका कोणता प्राणी? मांजराच्या जातीतला का?

नाही. तोंडावर काळा पट्टा, शेपटीवर गडद-फिकी वलयं, राखाडी दाट केस आणि चालताना उंच होणारी पाठ. पहिल्यांदा बघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हटकून उदमांजर आठवतं. माझ्या वडिलांनी पहिला रॅकून पाहिला तेव्हा ते म्हणाले, "अगं, हा तर आपला कांडेचोर!" कांडेचोर म्हणजे उदमांजरच, आणि दोघांच्या सवयी खरंच जुळतात. दोघंही रात्री फिरतात, फळं खातात, झाडावर चढतात आणि माळ्यावर मुक्काम ठोकतात. पण नात्याने उदमांजर मांजराच्या बाजूचं आहे, तर रॅकून अस्वल, मुंगूसासारखं अंग असलेले वीझल आणि कुत्रा यांच्या बाजूचा. १७५८ साली लिनियसने त्याला अस्वलांतच घातलं होतं आणि नाव दिलं होतं 'धुणारं अस्वल'.

'रॅकून' हा शब्द इंग्रजांनी व्हर्जिनियातल्या पोहाटन लोकांकडून घेतला. मूळ शब्दाचा अर्थ हातांनी घासणारा, खरवडणारा असा आहे. त्या लोकांनी या प्राण्याकडे किती नीट पाहिलं होतं, हे त्याचे हात पाहिले की कळतं.

मोठा रॅकून साधारण ४ ते ९ किलोचा असतो. शरद ऋतूत चरबी साठवलेले नर याहूनही जड होतात. आमची सोनी साडेचार किलोची आहे. मोठा नर तिच्या शेजारी, म्हणजे काचेपलीकडे, बसला की फरक एकदम डोळ्यांत भरतो.

ते येतात कधी आणि येऊन करतात काय?

उन्हाळ्यात अंधार पडल्यावर, साधारण साडेनऊ-दहाला. आधी कुंपणाच्या फळीवर नखांचा आवाज येतो. तो आवाज माझ्याआधी काळूला ऐकू जातो. तो जिथे झोपला असेल तिथून उठतो, डेककडच्या, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याकडच्या, काचेच्या सरकत्या दारापाशी येऊन बसतो आणि त्याचे दोन्ही कान कुंपणाकडे वळतात. मग मी दिवे बंद करते.

जूनच्या शेवटापासून खरी मजा असते. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मलेली असतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास डोळे उघडतात आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की आईच्या मागे बाहेर पडू लागतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणारीच्या मागे चार होती. आई कुंपणावरून चालत पुढे गेली, तीन पिल्लं तिच्यामागून गेली आणि चौथं मधल्या खांबावर अडलं. ते ओरडायला लागलं. तो आवाज पक्ष्याच्या किलबिलीत घुरघुर मिसळावी तसा असतो. आई परत आली, त्याच्या मानेपाशी तोंड लावलं आणि पुढे निघाली. ते उतरलं. खाली तोंड करून, सरळ. रॅकूनच्या मागच्या पावलांना उलटं वळता येतं, त्यामुळे तो झाडावरून डोकं खाली ठेवून उतरू शकतो. मांजराला हे जमत नाही, म्हणून ते बिचारं झाडावर अडकतं.

खाली आल्यावर त्यांचं सगळं लक्ष हातांवर असतं. नजर भलतीकडे आणि हात गवतात, दगडाखाली, कुंडीच्या कडेला. रॅकूनच्या मेंदूत स्पर्श समजणारा जो भाग आहे, त्यातला खूप मोठा हिस्सा एकट्या पुढच्या पंजांसाठी आहे. आंधळ्या माणसाने बोटांनी वाचावं तसा तो जमीन वाचतो.

ते अन्न धुऊन खातात, हे खरं का?

स्वच्छतेसाठी धूत नाहीत. पाण्यात हात भिजले की पंजाची कातडी अधिक संवेदनशील होते आणि हातातली वस्तू नीट उमगते. ओढ्यात खेकडे, बेडूक चाचपडून शोधणाऱ्या प्राण्याची ही सवय आहे. आमच्याकडे पक्ष्यांसाठी पाण्याचं उथळ भांडं होतं. सकाळी त्यात माती, गवत आणि अक्रोडाची सालं सापडायची. आता ते भांडं मी संध्याकाळी आत घेते.

मांजर आणि रॅकून समोरासमोर आले तर काय होतं?

बहुतेक वेळा काहीच नाही. दोघंही एकमेकांना जोखतात आणि बाजूने निघून जातात. रॅकून मांजरांची शिकार करत फिरत नाही. पण मधे खाण्याची ताटली असेल, मादीसोबत पिल्लं असतील किंवा एखादा कोपऱ्यात सापडला असेल, तर भांडण होऊ शकतं आणि त्यात मांजराचा निभाव लागणं कठीण असतं. रॅकूनचे दात आणि नखं दोन्ही वाईट. लहान पिल्लू, म्हातारं किंवा आजारी मांजर असेल तर धोका आणखी वाढतो.

आमच्याकडे दोघं भेटतात ते काचेच्या दोन बाजूंना. पहिल्या वर्षी सोनी शेपटी फुलवून गुरगुरायची. आता ती बसते आणि बघते. एकदा एका पिल्लाने काचेवर हात ठेवला आणि आतून काळूने त्याच जागी पंजा लावला. दोघं तसेच थांबले, मग पिल्लू आईमागे गेलं. काळू कितीतरी वेळ तिथेच बसून होता. मी त्याला उचललं नाही.

तुमचं मांजर काच पाहून फार बिथरत असेल, म्हणजे दुसऱ्या मांजरावर धावून जात असेल किंवा दारापाशी मुतायला लागलं असेल, तर रात्री पडदा ओढा. बाहेरच्या प्राण्याचा राग घरातल्यावर निघणं हे मांजरांत नेहमी दिसतं. अशा वेळी दोघांना थोडा वेळ वेगळ्या खोल्यांत ठेवावं, मधे हात घालू नये.

मांजराला कायम घरात कोंडून ठेवणं हा अन्याय नाही का? आपल्याकडे तर मांजरं गावभर फिरतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि मला तो समजतो. मी सांगली जिल्ह्यातल्या वाड्यात वाढले. तिथे मांजर कुणाचं नसायचं आणि सगळ्यांचं असायचं. ते दुपारी आमच्या चुलीमागे झोपायचं आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे दुधाला जायचं.

इथे आल्यावर आम्ही पहिला बोका तसाच वाढवला. सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी हाक मारायची. तो तीन वर्षांचा असताना नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी गाडीखाली गेला. पाच वाजता अंधार पडतो, तो काळा होता आणि गाडीवाल्याला तो दिसलाच नाही. त्याचं दार मी उघडलं होतं. त्यानंतरची मांजरं घरात राहिली आहेत.

बाहेर गाड्या आहेत, घळीत कोल्ह्यासारखे कायोटी आहेत, उणे वीस अंशांची थंडी आहे, दुसऱ्या मांजरांशी मारामारीतून होणारे आजार आहेत. शिवाय मांजर पक्षी मारतं, आणि घळीतून जाणारे छोटे स्थलांतरी पक्षी आधीच काचेच्या इमारतींना धडकून मरत असतात.

पण नुसतं दार बंद केलं तर तो अन्यायच आहे. घरातल्या मांजराला उंची लागते, खिडकी लागते आणि शिकार लागते. आमच्याकडे दिवाणखान्यात छतापर्यंत जाणारं मांजरांचं झाड आहे. दोन खिडक्यांना रुंद कट्टे करून घेतले आहेत. रोज संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटं पिसं बांधलेली काठी घेऊन मी खेळते, रोज म्हणजे रोज. खेळ संपला की लगेच वाटी, म्हणजे शिकार, मग जेवण, मग झोप, हा त्यांचा क्रम पुरा होतो. डेकच्या एका कोपऱ्यात मजबूत तारेची जाळी मारून बंदिस्त व्हरांडा केला आहे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत मांजरं दिवसा तिथे बसतात, वारा खातात, चिमण्या आणि खारी बघतात. सूर्य मावळायच्या आत त्यांना घरात घेते आणि आतलं दार लावते. रॅकूनचे हात साधी कडी सहज उघडतात, म्हणून त्या व्हरांड्याला दोन कड्या आहेत आणि एकीला कुलूप.

भिंतीतलं किंवा दारातलं मांजराचं झडपेचं दार असेल तर ते काढून टाका किंवा मांजराच्या मायक्रोचिपवर उघडणारं बसवा. साध्या झडपेतून रॅकून स्वयंपाकघरात येतात. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्याच गल्लीत दोन घरांत झालं आहे.

इतके गोड दिसतात, थोडं खायला घातलं तर काय बिघडतं?

टोरांटोत २०२३ पासून रानटी प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, सार्वजनिक जागेत आणि स्वतःच्या आवारातही. पण मी कायद्याच्या आधी प्राण्याचं सांगते.

खायला मिळतं हे कळलं की रॅकून माणसाची भीती सोडतो. तो दिवसा येऊ लागतो, दार खाजवतो, शेजाऱ्यांच्या मुलांच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढतो. मग शेजारी तक्रार करतात, सापळे लावतात. एका जागी पाच-दहा रॅकून जमले की डिस्टेंपरसारखे रोग त्यांच्यात भराभर पसरतात. तुम्ही टाकलेल्या पोळीची किंमत तेच मोजतात. आणि त्यांना त्या पोळीची गरज नसते. हुमणी, गांडुळं, खेकडे, अंडी, उंदीर, अक्रोड, शहतूत, रानद्राक्षं असं सगळं त्यांना चालतं आणि टोरांटोचा सुमारे १७ टक्के भाग घळींचा आहे. ते उपाशी नाहीत.

भटक्या मांजरांसाठी बाहेर वाटी ठेवणाऱ्यांनी ती दिवसा ठेवावी आणि अर्ध्या तासात उचलावी. रात्रभर ठेवलेली वाटी ही रॅकूनचीच वाटी.

आपल्या घरांतली एक खास अडचण सांगते. सासूबाई पितृपक्षात इथे होत्या. त्यांनी डेकच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं: खीर, वडे, भाजी, भात. कावळा आला नाही. रात्री तीन रॅकून आले, वडे संपवले, पान फाडलं आणि पुढचे पंधरा दिवस रोज त्याच कठड्यावर हजेरी लावली. सासूबाईंना मी काय सांगणार, असं मला झालं होतं. त्यांनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "गावी कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करतात. इथे तसंच करूया." आता आमच्याकडे घरातच दर्भाचा कावळा होतो. ज्यांना हा पेच पडतो त्यांना मी हेच सांगते.

हिरव्या डब्याचं काय करायचं?

टोरांटोत ओला कचरा हिरव्या डब्यात जातो आणि तो आठवड्यातून एकदा उचलतात. २०१६ पासून शहराने रॅकूनला उघडता येऊ नये असे, फिरवायच्या मुठीचे नवे डबे वाटले. त्या कामावर सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले. बहुतेक रॅकूनना ते उघडत नाहीत. काहींनी मात्र डबा आडवा पाडून मूठ फिरवायचं तंत्र शिकून घेतलं आणि २०१८ मध्ये त्यांचे व्हिडिओ शहरभर फिरले.

डबा भिंतीला दोरीने किंवा रबरी पट्ट्याने बांधा म्हणजे आडवा पडणार नाही. तो संध्याकाळी रस्त्यावर नेण्याऐवजी सकाळी न्या. मासळीचे काटे, कोळंबीची टरफलं, मटणाची हाडं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याच्या दिवशीच डब्यात टाका. बांगड्याचा वास घळीपर्यंत जातो.

दिवसा रॅकून दिसला. तो पिसाळलेला असेल का?

नुसता दिवसा दिसला म्हणून नाही. पिल्लं पाजणाऱ्या मादीला रात्रीचं खाणं पुरत नाही, ती मे-जूनमध्ये दुपारीही फिरते. कधी उन्हात झाडाच्या फांदीवर झोपलेलाही दिसतो.

बघायचं ते वागणं. चालताना झोकांड्या जातात का, गोल गोल फिरतो का, मागचे पाय ओढतो का, डोळ्यांतून-नाकातून घाण येते का, माणूस जवळ आला तरी हलत नाही का, उगाच अंगावर येतो का. अशी लक्षणं डिस्टेंपरमध्येही दिसतात आणि रेबीजमध्येही. दुरून पाहून कुणालाच फरक सांगता येत नाही. म्हणून जवळ जाऊ नका, मुलांना आणि मांजरांना आत घ्या आणि शहराच्या ३११ या क्रमांकाला फोन करा.

रेबीज इथे आहे. ऑन्टारिओत २००५ नंतर रॅकूनचा रेबीज दिसला नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये तो हॅमिल्टनमध्ये पुन्हा सापडला. प्रांताचं खातं रानात आणि शहरांच्या कडेला लस भरलेली आमिषं टाकतं. ती खाकी-हिरव्या रंगाची असतात आणि त्यांना व्हॅनिलासारखा गोड वास असतो. घळीत फिरताना दिसली तर हात लावू नका, ती रॅकूनसाठीच आहेत.

चावला किंवा ओरखडलं तर?

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ते सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवतात आणि लशीचं ठरवतात. "छोटंसंच खरचटलंय" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. त्याआधी घेतलेली लस माणसाला वाचवते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण असते आणि त्या भीतीने ते दवाखाना टाळतात. आता तसं नाही, दंडावर मोजक्या सुया असतात आणि जखमेपाशी औषध देतात.

मांजराला चावलं असेल तर हातमोजे घालून, टॉवेलात गुंडाळून त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. त्याची लस झालेली असली तरीही.

मांजरांना रॅकूनकडून कोणते आजार होऊ शकतात? घरातच असतात, मग लस कशाला?

ऑन्टारिओत तीन महिन्यांवरच्या मांजराला रेबीजची लस कायद्यानेच लागते, ते घरात असलं तरी. कारण साधं आहे: वटवाघूळ खिडकीतून येतं, दार चुकून उघडं राहतं. शिवाय टोरांटोत मांजराचं लायसन्सही काढावं लागतं.

मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा पोटाचा फार वाईट रोग रॅकूनलाही होतो, आणि त्याचा विषाणू बुटांवरून घरात येऊ शकतो. म्हणून ती लसही चुकवायची नाही. पिसवांचं तसंच. परसात रॅकून बसले तिथे पिसवा पडू शकतात आणि तुमच्या पायमोज्यांतून त्या सोफ्यावर पोचतात. मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या. कुत्र्यासाठीचं औषध मांजराला कधीही घालू नका, त्यातल्या काही औषधांनी मांजर मरतं.

डेकखाली एकाच जागी विष्ठेचा ढीग दिसतो. नुसतं झाडून टाकू का?

थांबा, यात मला खरंच काळजी वाटते. रॅकून ठरलेल्या जागीच शौच करतात: झाडाच्या बुंध्याशी, लाकडाच्या ढिगावर, सपाट छपरावर, डेकखाली. त्यांच्या पोटात एक गोल जंत असतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर ती लगेच बाधत नाहीत, दोन ते चार आठवड्यांनी बाधण्याजोगी होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत आणि डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर भयंकर असतं आणि ते बहुधा माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना होतं.

म्हणून ढीग ताजा असतानाच काढा. हातमोजे, मास्क आणि नंतर टाकून देता येतील असे बूट-आवरण घाला. आधी पाणी शिंपडून ओलं करा म्हणजे धूळ उडणार नाही. फावड्याने दुहेरी पिशवीत भरा. नंतर जागेवर आणि फावड्यावर उकळतं पाणी ओता. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उष्णतेनेच मरतात. मुलांचा वाळूचा हौद रोज झाका. भाजीच्या वाफ्यात ढीग सापडला तर त्या भागातली पालेभाजी मी तरी खाणार नाही.

सकाळी लॉन गालिच्यासारखं गुंडाळलेलं असतं. का?

खाली हुमणी आहे. उसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शरद ऋतूत आणि वसंतात अळ्या मुळांशी असतात आणि रॅकून हिरवळ उचलून त्या वेचतो. हुमणीचा बंदोबस्त केला की तो येणं थांबवतो. हुमणीला मारणारे सूत्रकृमी, म्हणजे अगदी बारीक जंत, मिळतात, ते ऑगस्टअखेरीला ओल्या मातीत सोडावेत.

माळ्यावर मादीने पिल्लं घातली आहेत. आता?

घाबरू नका आणि भोकं बुजवू नका. मार्चपासून मादी सुरक्षित, उबदार जागा शोधते आणि आपल्या घरांचे माळे तिला पोकळ झाडासारखेच वाटतात. आई बाहेर असताना भोक बंद केलं तर आत पिल्लं भुकेने मरतात. आणि आई आत शिरण्यासाठी छपराच्या पन्हाळीखालची फळी, इन्सुलेशन, जे मधे येईल ते फाडते. तिला दोष देता येणार नाही.

थांबता येत असेल तर सहा-आठ आठवडे थांबा. पिल्लं चालायला लागली की ती स्वतःच घेऊन जाते. थांबता येत नसेल तर तिथली जागा नकोशी करा: दिवा चालू, रेडिओवर माणसांच्या गप्पा, दिवसरात्र. बहुतेक माद्यांना एकाहून जास्त बिळं ठाऊक असतात. एके रात्री ती एकेका पिल्लाला मानेला धरून हलवते. ती सगळी गेल्याची खात्री झाली की मग जाड जाळीने भोक बंद करा आणि धुराड्यावर टोपी बसवा. खात्रीसाठी भोकात वर्तमानपत्राचा बोळा ठेवतात. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही तर आत कुणी नाही.

जखमी किंवा एकटं पिल्लू सापडलं तर टोरांटो वाइल्डलाइफ सेंटरला विचारा. ही संस्था १९९३ पासून हेच काम करते. आई जवळपास असते आणि रात्री न्यायला येते, असंही खूपदा घडतं, म्हणून आधी विचारा, मग हात लावा.

पकडून लांब जंगलात सोडलं तर बरं नाही का?

ऑन्टारिओत पकडलेला रानटी प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. लांब नेला तर त्याला पाण्याची, बिळाची जागा ठाऊक नसते, तिथले रॅकून त्याला हाकलतात आणि त्याच्याबरोबर रोगही नव्या जागी जातो. शिवाय मादी उचललीत तर पिल्लं मागे राहतात.

मग पाळता येईल का? पिल्लू तर मांजरासारखंच वाटतं.

परवान्याशिवाय रानटी प्राणी पाळणं इथे बेकायदा आहे. अमेरिकेत १९२६ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी म्हणून मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून भेट आला होता. त्यांनी तो कापला नाही, रिबेका असं नाव ठेवून व्हाइट हाउसमध्ये वाढवला. नंतर तिलाही प्राणिसंग्रहालयात पाठवावं लागलं. पिल्लू असताना रॅकून मांडीवर झोपतो. वयात आला की कपाटं उघडतो, चावतो आणि त्याला रात्र हवी असते. तेव्हा तो ना घरचा राहतो ना रानचा.

हिवाळ्यात ते कुठे जातात?

पोकळ झाडात, शेडखाली, धुराड्यात. ती अस्वलासारखी लांब झोप नसते, थंडीची लाट आली की दिवसच्या दिवस पडून राहतात आणि थोडी ऊब आली की बाहेर येतात. हिवाळाभर साठवलेली चरबीच जळत असते, वसंतापर्यंत काहींचं वजन निम्म्यावर येतं. फेब्रुवारीत बर्फावर पावलं दिसली तर बघा, पुढच्या पंजाचा ठसा लहान मुलाच्या हातासारखा असतो.

मांजरांना दूध-पोळी चालेल ना? आईने आयुष्यभर तेच घातलं.

आईच्या मांजराने उंदीरही आयुष्यभर खाल्ले. घरातल्या मांजराला तो उंदीर मिळत नाही, म्हणून मांसाचं पुरं अन्नच द्यावं लागतं. मांसातलं टॉरिन हे द्रव्य मिळालं नाही तर मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात आणि ते पोळीत नसतं. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. रश्श्यातला मटणाचा तुकडा देऊ नका, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. ईस्टरच्या सुमारास दुकानांत पांढऱ्या लिलीच्या कुंड्या येतात. लिली घरात आणूच नका. तिचा पराग अंगावरून चाटला गेला तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात.

आईबाबा उन्हाळ्यात येणार आहेत. त्यांना काय सांगून ठेवू?

तीन गोष्टी. दार उघडताना आधी पायाशी बघायचं, मांजर सटकतं. उरलेला भात परसात टाकायचा नाही. आणि रात्री काचेपाशी कुणी दिसलं तर ओरडायचं नाही, फक्त सांगायला हाक मारायची.

माझे बाबा दोन महिने होते. पहिल्या आठवड्यात ते काठी घेऊन दारात उभे राहायचे. नंतर खुर्ची ओढून, काळूला मांडीवर घेऊन बसायला लागले.

फोटो नीट येत नाहीत. काय करावं?

घरातले दिवे बंद करा, फ्लॅश बंद करा आणि फोन काचेला टेकवून धरा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसणार नाही. डेकवर मंद पिवळा दिवा आधीपासून चालू असेल तर ते बिचकत नाहीत. त्याहून सोपा उपाय म्हणजे हालचाल टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा कुंपणाच्या खांबाला गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा. आमच्याकडे तो तीन वर्षं आहे. सकाळी चहाबरोबर मी रात्रीच्या क्लिपा बघते आणि सोनी पडद्यावर हलणाऱ्या शेपटीवर पंजा मारते.